काकूंनी घातलेलं पाणी

माझा बाप्तिस्मा एका हिंदू बाईने केला, ही गोष्ट मी लहानपणी कुणी न विचारताच सांगत असे. शाळेत नवी मैत्रीण झाली की दोन-चार दिवसांत तिच्या कानावर ही बातमी जायचीच. बाकीच्या मुलांना फादरनी बाप्तिस्मा दिलेला, म्हणजे अगदीच साधा कारभार. मला मात्र समोरच्या चाळीतल्या काकूंनी दिलेला, तोही आमच्या घरात, न्हाणीतल्या तांब्याने. मला त्याचा भारी तोरा होता.

आम्ही अंधेरीच्या पूर्वेला, गावठाणात राहायचो. गल्लीच्या तोंडाशी क्रूस, मग आमची आठ-दहा कौलारू घरं, आणि समोर एक चाळ. गावठाणातले आम्ही कॅथलिक, घरात मराठी बोलणारे. चाळीत सगळी कोकणातली मंडळी, पुरुष गिरणीत. सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून इतकी खाली जायची की भांडण रंगात आलं असलं तरी दोन्ही बाजू क्षणभर थांबायच्या आणि विमान गेलं की पुन्हा सुरू करायच्या. पुढे संप झाला, गिरण्या बसल्या, चाळीतले पुरुष कुठे वॉचमन, कुठे कारखान्यात हेल्पर झाले. काकूंचे यजमान मरोळला एका गोदामावर बसू लागले. काकूंना दोन मुलगे, दोघेही मोठे. मुलगी नव्हती. ती उणीव त्यांनी माझ्यावर भरून काढली होती.

माझ्या जन्माची गोष्ट आईने मला इतक्यांदा सांगितली की ती मी स्वतःच पाहिली आहे असं मला वाटतं. बाबा तेव्हा गल्फला. आईचे दिवस भरायला अवकाश होता, आणि एका दुपारी कपडे वाळत घालताना तिला कळा सुरू झाल्या. शेजारचा माणूस रिक्षा आणायला धावला, तो परत येईपर्यंत मी बाहेर आलेही होते. ओरडा ऐकून काकू धावत आल्या. त्यांच्यामागून चाळीतली आणखी एक बाई आली, ती दारातच उभी राहिली. मी निळी पडले होते आणि रडत नव्हते. काकूंनी मला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडातून बोट फिरवलं. काही होईना. आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तिच्या डोक्यावर पाणी घाला. आणि म्हणा, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." एवढं सांगून तिची शुद्ध हरपली. ती भानावर आली तेव्हा मी रडत होते, काकू रडत होत्या, आणि दारातली बाईही रडत होती.

मूल बाप्तिस्म्याशिवाय जाऊ नये, ही धास्ती आमच्याकडच्या बायकांच्या अंगात मुरलेली असते. जीव जातोय असं दिसलं की डॉक्टरच्या बरोबरीने पाणी आठवतं. आईला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं. काकूंनी पाणी घातलं, मूल वाचलं, देवाची कृपा. महिन्याभराने मला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नेलं. तेव्हाचे म्हातारे फादर म्हणाले, पाणी एकदा झालं, ते पुन्हा घालायचं नसतं. त्यांनी मला तेल लावलं, पांढरा कपडा पांघरला, मेणबत्ती पेटवली, आणि काम संपलं. काकूंनी नक्की काय म्हटलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

तेव्हापासून काकूंचा आमच्या घरात मान होता. नाताळात कुस्वाराचं, म्हणजे आमच्या नाताळच्या फराळाचं, पहिलं ताट त्यांच्याकडे जायचं, गॉडमदरच्या आधी. माझी गॉडमदर कुर्ल्याची मावशी, ती यावरून दर वर्षी थोडी फुगायची. आणि गणपतीत काकू पहिला मोदक मला द्यायच्या. चाळीत कुणी पाहुणा आला की मला पुढे ओढून, आपलीच मुलगी असल्यासारखं, सांगायच्या, "ह्यां माझां चेडू. हेका मी पाणी घातलंय."

मी चौथीत गेले आणि देवळामागच्या हॉलमध्ये रविवारी फर्स्ट कम्युनियनचे, म्हणजे पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे, वर्ग सुरू झाले. शिकवायला एक सिस्टर होत्या, मंगळुरी वळणाचं मराठी बोलणाऱ्या, शांत, खडूने सुंदर अक्षर काढणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर तीन चित्रं काढली: पाण्याचा थेंब, तेलाची कुपी आणि भाकर. म्हणाल्या, ख्रिस्ती माणूस एका संस्काराने पुरता आत येत नाही, तीन लागतात. बाप्तिस्मा म्हणजे जन्म. दृढीकरण म्हणजे अंगात बळ. आणि ख्रिस्तप्रसाद म्हणजे घरच्या पानावर बसून जेवण.

मला प्रश्न विचारायची खोड होती. आजही आहे, पण आता लोक वयाकडे बघून उत्तर देतात. तेव्हा सिस्टरांच्या नाकी नऊ यायचे. मी विचारलं, बळ येण्याआधी जेवण कसं? आम्हाला तर तेल मोठेपणी, बिशप येतील तेव्हा. सिस्टर म्हणाल्या, जुन्या काळी तिन्ही एकदम द्यायचे, मग हळूहळू सुटे झाले. मी विचारलं, सुटे कुणी केले? सिस्टर म्हणाल्या, पुढच्या वर्गात बघू. मग त्यांनी सांगितलं की बाप्तिस्म्याने आत्म्यावर एक शिक्का बसतो, तो कधीही जात नाही, म्हणून बाप्तिस्मा एकदाच. त्या संध्याकाळी मी आरशासमोर उभं राहून कपाळ, कानामागची बाजू, मान, सगळं तपासलं. शिक्का आत्म्यावर असतो हे कळत होतं, पण जाता जाता थोडी शाई बाहेर सांडली असेल अशी मला आशा होती.

आणि मग तो रविवार आला. सिस्टर म्हणाल्या, बाप्तिस्मा फादर देतात, पण जीव धोक्यात असला तर कुणीही देऊ शकतं. नर्स देऊ शकते, शेजारी देऊ शकतो, हिंदू, मुसलमान, कुणीही. फक्त पाणी खरं हवं, शब्द तेच हवेत, आणि चर्च जे करते तेच करायची इच्छा हवी.

एक मुलगा म्हणाला, "सिस्टर, चहाने चालेल?"

"नाही."

"सोड्याने?"

"नाही रे. पाणी. साधं पाणी."

माझा हात केव्हाचा वर होता. मी उभी राहून माझी गोष्ट सांगितली. या खेपेस ऐकणारे योग्य होते आणि माझा बाप्तिस्मा चक्क धड्यात आला होता. मुलं माझ्याकडे टकामका बघत होती. सिस्टर मनापासून हसल्या. म्हणाल्या, "किती छान! काय म्हणाल्या होत्या तुझ्या काकू? ते शब्द आपण आज पाठ करणार आहोत."

आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. एवढी वर्षं मी ही गोष्ट सांगत होते, पण त्यातला मुख्य भाग मी कधी विचारलाच नव्हता.

"विचारून येते," मी म्हटलं.

काकू खवणीवर नारळ खवत होत्या. मी समोर बसकण मारली आणि विचारलं, "काकू, माझ्या डोक्यावर पाणी घातलंत तेव्हा काय म्हणालात?"

"काय म्हणतलंय? गाऱ्हाणा घातलंय."

गाऱ्हाणं काय असतं ते मला ठाऊक होतं. चाळीत गणपती यायचा तेव्हा एक वयस्कर माणूस हात जोडून उभा राहायचा आणि देवाशी मोठ्याने, रोखठोक बोलायचा. काय हवं, काय चुकलं, कुणाला सांभाळ, सगळं नावनिशीवार. प्रत्येक वाक्याला बाकीचे हुंकार भरायचे. मला ते फार आवडायचं. आमच्या देवळातल्या मिस्सेत, रविवारच्या उपासनेत, देवाशी इतकं घरगुती कुणी बोलत नसे.

"कसं घातलंत? घालून दाखवा ना."

काकूंनी हात पदराला पुसले, डोळे मिटले आणि सुरू झाल्या. आवाज एकदम बदलला.

"बा पित्या म्हाराजा, बा पुत्रा, बा पवित्र आत्म्या! ही बाय तुमच्या कुळातली, हिचां हां पयलां चेडू. हेच्या डोक्यार मी पाणी घालतंय, तां तुमचां म्हणान मानून घेवा. माझो अधिकार नाय, तुमचां काय आसा तां तुमीच तेका देवा. चुकला-माकला पदरात घेवा, पण ह्या चेडवाक श्वास देवा रे म्हाराजा!"

डोळे उघडून त्या म्हणाल्या, "आणि दारातली ती म्हणाली, व्हय म्हाराजा. आणि तू रडलंस."

मी त्यांना ते तीनदा म्हणायला लावलं आणि पाठ करून घरी आले.

पुढच्या रविवारी मी वर्गात उभी राहिले आणि हात जोडून, डोळे मिटून, काकूंच्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. शेवटाला मागच्या बाकावरून दोन मुलं एकदम ओरडली, "व्हय म्हाराजा!" हॉल हास्याने दणाणला. मलाही हसू आलं. सिस्टर मात्र हसत नव्हत्या. त्यांनी खडू खाली ठेवला आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "आणि त्याआधी? 'मी तुला बाप्तिस्मा देते' असं त्या म्हणाल्या ना?"

"एवढंच म्हणाल्या," मी म्हटलं.

बाहेर पडताना माझी मैत्रीण कानाशी लागली. "यार, तुझी तर वाट लागली. तुझा झालाच नाही."

त्याच आठवड्यात फादर आमच्या घरी आले. हे नवे फादर, वसईचे, तरुण, बोलायच्या आधी बराच विचार करणारे. आईने खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. कम्युनियनसाठी माझा पांढरा फ्रॉक शिवून आला होता, तो खिळ्याला लटकत होता, त्याच्याकडे फादरांची नजर दोनदा गेली. त्यांनी आईला विचारलं, ते शब्द तुम्ही कानांनी ऐकलेत का? आई म्हणाली, मी सांगितले एवढं आठवतं, पुढचं नाही. दारातली बाई? ती केव्हाच गावी गेली, तिकडेच वारली.

"मग त्यांनाच विचारावं लागेल," फादर म्हणाले. "शब्द म्हटले असतील तर प्रश्न मिटला. गाऱ्हाणं त्यानंतर घातलं असेल तर काही बिघडत नाही."

"आणि म्हटले नसतील तर?" मी विचारलं.

"तर बाप्तिस्मा झाला नाही. मग कम्युनियनही घेता येणार नाही, आधी बाप्तिस्मा द्यावा लागेल." माझा चेहरा बघून त्यांनी घाईने जोडलं, "तो देता येईल, बाळा. त्यात अडचण काही नाही."

अडचण कशी नाही? मला फ्रॉकची काळजी नव्हती, म्हणजे थोडी होती. पण माझं म्हणणं वेगळंच होतं. फादरांनी बाप्तिस्मा दिला की मी ख्रिस्ती होईन, ठीक आहे. मग काकूंनी काय केलं होतं? त्यांचं पाणी नुसतंच पाणी ठरलं, तर मी त्यांची कोण? मी फादरांना विचारलं, "काकू देवाशी बोलल्या आणि मी जिवंत झाले. ते देवाने ऐकलं ना? मग बाप्तिस्मा का नाही ऐकला?"

फादर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "ऐकलं तर नक्कीच. पण बघ, मागणं वेगळं. मागणं आपण रोजच करतो, तुझ्या काकूंनी फार सुंदर मागितलं. संस्कार म्हणजे मागणं नव्हे. तिथे देव देऊन मोकळा झालेला असतो. माणसाने फक्त तोंड उघडून, दिलं, असं सांगायचं असतं."

"पण काकू म्हणतात त्यांचा अधिकार नाही."

"माझा तरी कुठे आहे?" फादर म्हणाले आणि चहा प्यायले.

ते मला तेव्हा नीट कळलं नाही. पुढे मोठेपणी, दृढीकरणाच्या दिवशी, बिशपांनी माझ्या कपाळाला सुगंधी तेल लावलं तेव्हा ते वाक्य एकदम आठवलं. त्यांचा अंगठा म्हातारा होता, थरथरत होता, आणि तरी ते अगदी ठामपणे म्हणत होते की पवित्र आत्म्याचा हा शिक्का घे. स्वतःचं नसलेलं इतक्या खात्रीने कसं देता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

फादर गेल्यावर आई तडक समोर गेली. मी मागोमाग. आईने काकूंना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "काकू, जास्त काही नको. फादर विचारतील तेव्हा फक्त हो म्हणा. ते शब्द बोललात म्हणा. पोरीचं लागलीच मार्गी लागेल."

काकू गोंधळल्या. "बोललंय असान गो. तू सांगलंस मा तेव्हा."

"बोललातच. मग तेच सांगा."

"आठवणा नाय माका नीट. गाऱ्हाणा आठवता."

"काकू, नऊ वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं? फादर तरी काय तपासणार आहेत? हो म्हणायचं ना, बस."

"बरा," काकू म्हणाल्या. पण त्यांचा हात नुसताच पदराशी चाळा करत होता.

शनिवारी आम्ही तिघी देवळात गेलो. काकू आजवर गल्लीतल्या क्रूसाला फुलं वाहायच्या, पण देवळाच्या आत पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या. आई म्हणाली, असू दे, आमच्यात घालून जातात. काकूंनी ऐकलं नाही. आत येऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मारियेच्या पुतळ्यापुढे जरा थांबल्या, तिच्या कडेवरच्या मुलाकडे बघितलं, आणि बाकाच्या अगदी टोकावर बसल्या. फादर समोर येऊन बसले. त्यांनी फार आदराने विचारलं, "काकू, त्या दिवशी पाणी घालताना, 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते', हे तुम्ही म्हणालात का?"

मी काकूंच्या तोंडाकडे बघत होते. आई माझ्यापलीकडे बसली होती आणि तिने माझा हात इतका आवळला होता की बोटं दुखत होती. एक 'हो' हवा होता. तो आला की काकूंचं पाणी खरं, माझा तोरा खरा, पुढच्या रविवारचा फ्रॉक खरा.

काकूंनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर फादरांच्या खांद्यावरून वेदीकडे गेली आणि त्यांनी तोंड मिटलं.

"फादर," त्या म्हणाल्या, "ही बाय सांगता, हो म्हण. मी घराकडसून ठरवून इल्लंय हो म्हणूचा. पण हयसर बसान खोटां बोलवणा नाय. माका म्हायत नाय. ह्या बायन शब्द सांगले, ते कानार पडले. ते मी बोललंय काय नाय, देवाशप्पत आठवणा नाय. बोललंय असान पण. पण माका वाटता, 'मी देतंय' असा म्हणाक माझी जीभ वळली नसतली. मी कोण देणारी? चेडू जाता असा दिसा होता आणि माका नुसती मागूची बुद्धी झाली."

आणि त्या रडू लागल्या. "माझ्यामुळां पोराचां रवला. एवढी वर्सां मी सगळ्यांका सांगत फिरलंय."

मला त्यांच्याजवळ जायचं होतं, पण आईने हात सोडला नाही. आई संतापली होती. तिचं संतापणं आवाजाचं नसे, ती नुसती घट्ट होत जायची. फादर काकूंना काहीतरी समजावत होते, तोवर ती उठली आणि मला घेऊन घरी आली. वाटेत एवढंच म्हणाली, "एक शब्द. एक शब्द बोलवला नाही बाईला." मी म्हटलं, "पण आई, त्या खोटं कशा बोलतील?" तर मला धपाटा मिळाला. पुढचे काही दिवस आमच्या स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजत होती, आणि समोरचं दार उघडं असलं की आई आमचं लावून घ्यायची. गणपतीत चाळीत ढोल-ताशे वाजायचे तेव्हाही आमचं दार कधी लागलं नव्हतं. आईचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. ती नऊ वर्षं ज्या खात्रीवर निर्धास्त होती ती काढून घेतली गेली होती. या सगळ्या वर्षांत मला काही झालं असतं तर, हा विचार तिला पोखरत होता. ते मला तिने पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

बाप्तिस्मा कम्युनियनच्या आधल्या दिवशी दुपारी ठरला. गाजावाजा नको म्हणून दुपारी. देवळात आम्ही, कुर्ल्याची मावशी आणि फादर. पंखा मोठ्याने फिरत होता. मी शाळेच्या फ्रॉकमध्येच होते, केस सोडलेले. आई हातात टॉवेल घेऊन उभी होती. फादर पुस्तक उघडत होते तेवढ्यात मागच्या दाराशी काकू दिसल्या. त्यांना कुणी बोलावलं असेल तर फादरांनीच. त्या नवं लुगडं नेसून आल्या होत्या आणि खांबाशी उभ्या राहिल्या. आईने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा समोर बघितलं.

मी दगडी कुंडावर डोकं वाकवलं. पाणी गार असेल म्हणून डोळे घट्ट मिटले. फादर म्हणाले, "तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला पित्याच्या," आणि पाणी पडलं, "पुत्राच्या," पुन्हा पडलं, "व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो."

मी तशीच वाकलेली असताना विचारलं, "झाला नसेल तर?"

"शू," मावशी म्हणाली.

"फादर, तुम्ही 'नसेल तर' का म्हणालात?"

फादर हसले. पण त्यांनी उत्तर द्यायच्या आत मागून काकूंचा आवाज आला. त्या खांबापासून बऱ्याच पुढे आल्या होत्या. "माका पण तांच इचारूचा होता," त्या म्हणाल्या. "नसात तर कित्याक म्हणालात?"

फादरांनी पुस्तक मिटलं आणि काकूंकडे वळले. "कारण बाप्तिस्मा दोनदा देता येत नाही, काकू. तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात ते तुम्हाला आठवत नाही. तुमच्या हातून तेव्हा झाला असेल, तर आज मी काहीच दिलं नाही, नुसतं पाणी ओतलं. आणि तेव्हा झाला नसेल, तर आज झाला."

माझ्या मानेवरून पाणी फ्रॉकच्या आत चाललं होतं, पण मला हलवेना.

"मगे खंयचा खरा, तां तुमका म्हायत नाय?"

"नाही."

"बिशपाक?"

"त्यांनाही नाही. कुणालाच कळणार नाही."

"आणि तेका?" काकूंनी वेदीकडे हात केला.

"त्याला माहीत आहे."

"मी त्या दिवशी हो म्हटलां असतां," काकू सावकाश म्हणाल्या, "तर आज ह्यां माका कळला नसता." आणि मग, जणू हिशेब पुरता जुळल्यासारखं, "म्हणजे माझां पाणी तुमी फेकूक नाय."

"नाही," फादर म्हणाले. "ते फेकायचा मला अधिकारच नाही."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी रडत होते की केसांतलं पाणी गालावर येत होतं हे मला सांगता येणार नाही, पण मला खूप आनंद झाला होता, एवढं नक्की. कुणालाच कळणार नाही, हे उत्तर मला आयुष्यात पहिल्यांदाच आवडलं होतं.

"पोरगी भिजली," मावशी म्हणाली. "सर्दी होईल. उद्या नाक गळत कम्युनियनला उभी राहील."

आई टॉवेल घेऊन पुढे आली. माझ्या डोक्यावर तो टाकणार तोच थांबली. मग ती कुंडाला वळसा घालून काकूंपाशी गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती. तिने टॉवेल नुसता पुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हीच पुसा."

काकूंनी आधी फादरांकडे पाहिलं. "पुसलेला चलता?"

"चालतं," फादर म्हणाले.

मग काकूंनी टॉवेल घेतला, माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि इतकं खसाखसा पुसलं की माझे कान लाल झाले.